कॉर्नर पोस्ट कोणी नेलं?

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला वकील व्हिटलो यांच्या कचेरीत बर्नाडीन हॅफ्नर खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. मांडीवरच्या पर्सचा पट्टा तिने इतका पिळला होता की तो तुटायचाच काय तो बाकी होता. हेस्टर क्रेब्स आत आली तेव्हा तिला कोणी बससुद्धा म्हणालं नाही.

"चोरी झाली," बर्नाडीन म्हणाली.

"काय गेलं?"

"नाव."

हेस्टरने आपणहून खुर्ची ओढली. काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात तिची एकतीस वर्षं गेली होती. त्या काळात तिने जमिनी चोरीला गेलेल्या पाहिल्या, सह्या चोरीला गेलेल्या पाहिल्या, एकदा तर एक अख्खं धान्याचं कोठार कागदोपत्री शेजाऱ्याच्या आवारात गेलेलं पाहिलं. निवृत्त झाल्यावरही गावात कुठे कागदाला कागद जुळेना झाला की लोक तिच्याकडेच येत. पण नाव चोरीला गेल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"नीट सांगा," ती वकिलांना म्हणाली.

व्हिटलोंनी चष्मा पुसला. त्यांना काही कबूल करायचं असलं की ते आधी चष्मा पुसत. बर्नाडीन नवा धंदा सुरू करत होती हे गावाला माहीत होतंच. कोणी घर विकतो, घेणाऱ्यापाशी सगळे पैसे नसतात, मग विकणारा वचनचिठ्ठी लिहून घेतो आणि महिन्याच्या महिन्याला हप्ते घेत राहतो. पुढे वय झालं की त्याला हप्त्यांपेक्षा एकरकमी पैसे बरे वाटतात. मग ती चिठ्ठी, म्हणजे नोट, गहाणखतासकट दुसरं कोणीतरी विकत घेतं. बर्नाडीनला हेच करायचं होतं. नवऱ्याच्या, मर्लच्या, विम्याचे पैसे तिच्यापाशी होते आणि पहिली नोटही ठरली होती, हॅवरकँपबाईंची.

"शुक्रवारी चार वाजता सह्या आहेत," बर्नाडीन म्हणाली. "कंपनीच्या नावावर. कंपनी नसेल तर हॅवरकँपबाई कोलंबस शहरातल्या माणसाला नोट विकून मोकळ्या होणार. तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलंय."

"आणि नावासाठी आम्ही तीन आठवडे घालवले," व्हिटलो म्हणाले. "बँक हा शब्द नको, ट्रस्ट नको, ते लावायला परवानगी लागते. मॉर्गेज नको, लेंडिंग नको, उद्या कोणी विचारेल कर्ज देण्याचा परवाना कुठे आहे. फेडरल, नॅशनल, तर तोंडातही घ्यायचं नाही. सरकारी वाटेल असं काही नको. सगळं गाळून हे उरलं. कॉर्नर पोस्ट नोट होल्डिंग्ज."

"मर्लने रोवलेला खांब आहे तो," बर्नाडीन म्हणाली. "कुंपणाच्या कोपऱ्यातला. चाळीस वर्षं झाली, अजून हललेला नाही. सगळ्या तारा त्याच्यावरच ताणलेल्या आहेत."

वकिलांनी राज्याच्या नोंदणी कार्यालयातून आलेला कागद पुढे सरकवला. तुमच्या नावाशी फारच मिळतंजुळतं नाव आधीच घेतलं गेलं आहे, सबब तुमचा अर्ज मंजूर करता येत नाही, असं त्यात होतं. ते नाव गेल्या गुरुवारी घेतलेलं होतं. घेणारी राज्याच्या राजधानीतली एक संस्था, जी पैसे घेऊन कोणाच्याही वतीने अर्ज करते. मागे खरा माणूस कोण, ते कागदावरून कळत नव्हतं.

"मला माहीत आहे कोण ते," बर्नाडीन म्हणाली. "ड्वाइट. माझा सख्खा दीर. आता तो माझ्या उंबऱ्याच्या आत आला तर बघ."

"त्याला नाव सांगितलं होतंस?"

"कोणालाच नाही. या खोलीबाहेर मी ते नाव एकदाही उच्चारलेलं नाही, हेस्टर. देवाशपथ."

बर्नाडीन खोटं बोलणारी नव्हती. पण जे नाव कोणी ऐकलंच नव्हतं, ते कोणीतरी गुरुवारी जाऊन घेऊन आलं होतं.

२

खोलीत नाव माहीत असणारे तिघे. बर्नाडीन, वकील, आणि अर्ज टाइप करणारी टॅम्सिन. तेव्हा हेस्टरने टॅम्सिनपासून सुरुवात केली.

टॅम्सिन रागाने लालबुंद होऊन बसली होती. "मिसेस क्रेब्स, तुम्ही मला आडून आडून विचारू नका. माझा होणारा नवरा इंटरनेटवरची नावं विकत घेऊन ठेवतो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणून मी चोर?"

"मी अजून काही विचारलंच नाही, बाई."

"विचारणार होतात. मी त्याला नाव सांगितलं असतं तर त्याने ते इंटरनेटवर घेतलं असतं. बघा, तिथे अजून मोकळं आहे. राज्याच्या दप्तरात नाव अडकवून त्याला काय मिळणार?"

यात तथ्य होतं. हेस्टरने वहीत लिहून घेतलं आणि ती ड्वाइटच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात गेली.

ड्वाइट हॅफ्नर हा मोठ्याने बोलणारा, मोठ्याने हसणारा आणि कोणाचंही काही न ऐकणारा माणूस. मर्ल गेल्यावर त्याने भागीदारी मागितली होती आणि बर्नाडीनने नाही म्हटलं होतं, हे त्याने स्वतःच पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं.

"वहिनीला वाटतं मी तिच्या वाईटावर आहे. अगं, मी तिला एवढंच म्हणालो, की हा धंदा तुला जमायचा नाही. प्रेमानेच म्हणालो."

"तुझं प्रेम ऐकायला जरा जडच जातं, ड्वाइट."

तो हसला. "बुधवारी चर्चच्या सुपाच्या जेवणात काय झालं ते ऐक. वहिनी सगळ्यांना सांगत होती हॅवरकँपबाईंच्या नोटेचं. कोणाला त्यात काडीचा रस नाही. सगळे आपले पावाला लोणी लावतायत. आणि तो आपला ऑरिन पाइक, शाळेची बस चालवायचा बघ, महिन्याकाठी चार शब्द बोलणारा, तो मधेच विचारतो, बोजा पहिला की दुसरा? मला तर कळलंच नाही काय विचारतोय. म्हणे पैसे बुडाले तर घरावर पहिला हक्क कोणाचा, ते. वहिनी उत्तर देणार एवढ्यात स्वयंपाकघरातून गर्टी ओरडली, की तुझं सूप घरूनच लागून आलंय. ती पळाली."

"लागलं होतं?"

"करपलं होतं. बार्लीचं सूप वहिनी दर वर्षी करपवते, आणि आम्ही दर वर्षी गुपचूप खातो. मी जर खरंच तिचा वैरी असतो तर हे केलं असतं का?"

"नाव तू घेतलंस का?"

"कसलं नाव?"

हेस्टरने त्याच्याकडे नीट पाहिलं. ड्वाइटने नाव घेतलं असतं तर आतापर्यंत त्याची पाटी रंगवून दुकानावर लागली असती. गुपचूप काही करणं हे त्याच्या हाडातच नव्हतं.

बाहेर गाडीत बसून तिने तो सरकारी कागद पुन्हा काढला. एकतीस वर्षांची सवय अशी, की कागद दुसऱ्यांदा वाचताना ती मजकूर वाचत नसे, शब्द वाचत असे. आणि आता तिला दोन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे, त्या माणसाने कंपनी काढलेलीच नव्हती. नाव फक्त राखून ठेवलं होतं, काही महिन्यांपुरतं. धंदा करायचा असता तर तेवढेच कष्ट घेऊन त्याने कंपनी काढली असती. याला नाव वापरायचं नव्हतंच. दुसऱ्याने ते वापरू नये एवढंच त्याला हवं होतं.

दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक होती. राखून ठेवलेलं नाव कॉर्नर पोस्ट नोट होल्डिंग्ज नव्हतं. ते होतं, कॉर्नर पोस्ट नोट कंपनी. वकिलांच्या कचेरीतल्या एकाही कागदावर कंपनी हा शब्द नव्हता. म्हणजे चोराने नाव त्या कचेरीतून उचललेलंच नव्हतं.

३

"कंपनी?" बर्नाडीन स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली. "कंपनी असं मी कुठे..."

आणि ती थांबली. तिचा हात ओठांवर गेला.

हेस्टरने काही विचारलं नाही. माणूस आठवत असताना त्याला ढोसलं की आठवण पळते, हे तिला काउंटरमागे उभं राहून कळलेलं होतं.

"मी मूर्ख आहे," बर्नाडीन म्हणाली. तिने कपाटातून निळं इनॅमलचं पातेलं काढलं. मर्लच्या आईचं, दोन्ही कानांवर टवके उडालेलं. "बुधवारी सूप नेताना खाली पट्टी लावायची होती. नेहमीची, नावाची."

गावातली एकूण एक बाई चर्चच्या जेवणाला भांडं नेताना त्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर स्वतःचं नाव लिहिते. नाहीतर एकसारख्या चाळीस भांड्यांत आपलं कुठलं ते सापडायचं नाही.

"मी पेन घेतलं आणि मला वाटलं, नाव लिहून कसं दिसतं ते बघू या. माझं नाही, कंपनीचं. पाटी लावायला दुकान तर नाही माझ्याकडे. होल्डिंग्ज काही पट्टीवर मावेना, म्हणून कंपनी लिहिलं. शिवाय मर्लला होल्डिंग्ज असले शब्द आवडायचे नाहीत. मग नेण्याच्या गडबडीत विसरूनच गेले."

हेस्टरने पातेलं उलटं केलं. बुडाला पट्टी नव्हती. पट्टीच्या आकाराचा एक फिकट चौकोन मात्र होता, आणि त्याच्या कडेला खळीची बारीक रेघ.

"तू काढलीस?"

"मी हातसुद्धा लावला नाही. पातेलं परत आलं ते असंच. गुरुवारी दुपारी पायरीवर ठेवलेलं होतं, चकचकीत घासलेलं, आत सफरचंदाचा मुरंबा. कोणी आणून ठेवलं ते मी पाहिलं नाही. गर्टीनेच पाठवलं असेल म्हटलं."

भांडं रिकामं परत करायचं नाही, ही गावाची जुनी रीत. त्यामुळे बर्नाडीनला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हेस्टरला मात्र त्या फिकट चौकोनावरून नजर काढता येईना.

४

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरावर गर्टी बॅश्टरचं राज्य होतं. गेल्या बावीस वर्षांत तिथे तिच्या परवानगीशिवाय एक चमचाही जागचा हललेला नव्हता.

"पट्टी धुताना निघते का कधी?" हेस्टरने विचारलं.

गर्टीला प्रश्नच अपमानाचा वाटला. "माझ्या स्वयंपाकघरात? मेल्या माणसांच्या पट्ट्या आहेत इथल्या भांड्यांवर अजून. पट्टी काढायची नाही हा इथला पहिला नियम. विसळणाऱ्याला मी आधी तोच सांगते."

"बुधवारी विसळायला कोण होतं?"

"ऑरिन घासतो, ड्वाइट पुसतो. पण तुझ्या मैत्रिणीचं पातेलं ड्वाइटपर्यंत गेलंच नाही. बुडाला इंचभर कोळसा. भिजत घालावं लागणार होतं. ऑरिन म्हणाला, मी घरी नेऊन घासतो. करपलेली भांडी तो नेहमीच नेतो. देव त्याचं भलं करो, त्याला तेवढं एकच व्यसन आहे."

ऑरिन पाइक नऊ वर्षांपूर्वी इंडियाना राज्यातून एकटाच या गावात आला. त्याआधी तो काय करत होता हे कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. हेस्टर त्याच्या दारात गेली तेव्हा तो ओट्यावर सफरचंदं सोलत होता. त्याने तिला पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"बसा," तो म्हणाला.

"ऑरिन, मी सरळच विचारते. बर्नाडीनच्या पातेल्याखालची पट्टी तुम्ही काढलीत?"

त्याने हातातलं अर्धं सोललेलं सफरचंद बाजूला ठेवलं.

"बर्नाडीनबाईंना ते नाव फार आवडतं का?" त्याने विचारलं.

"नवऱ्याची आठवण आहे ती."

"हो. मला वाटलंच होतं, असं काहीतरी असणार." तो ओट्यावरच्या साली गोळा करू लागला. "नाव काही माणसापेक्षा मोठं नसतं, एवढं त्यांना सांगा."

"तुम्हीच का सांगत नाही? आणि का ते पण सांगा."

"हेस्टरबाई, मला विचारू नका. मला उत्तर द्यायची मुभा नाही."

हेस्टर उठली. चोर पुष्कळ तऱ्हांनी गप्प बसतात हे तिने पाहिलं होतं. काही घाबरून, काही गुर्मीत. पण उत्तर द्यायची मुभा नाही असं म्हणणारा चोर तिला आजवर भेटला नव्हता. मुभा नाही म्हणजे कोणीतरी ती काढून घेतली होती, आणि अशी गोष्ट बहुतेक वेळा कागदावर होते.

५

मंगळवारी दुपारपर्यंत हेस्टरने चार फोन केले. चौथा इंडियानातल्या एका कोर्टात, तिच्यासारखीच दप्तरात केस पांढरे झालेल्या एका बाईला. संध्याकाळी पाच पानं आली. ती वाचून होईपर्यंत हेस्टरचा चहा निवून गेला.

मग ती बर्नाडीनकडे गेली. बर्नाडीन ड्वाइटला पाठवायचं पत्र लिहीत होती. "यापुढे माझ्या घरी" इथपर्यंत आली होती.

"फाडून टाक ते," हेस्टर म्हणाली. "ड्वाइट नाही. टॅम्सिन नाही. आणि जे घडलं ती चोरी नाही."

"मग काय आहे?"

"तीन गोष्टी ऐक. तुझं नाव ज्याने घेतलं त्याने ते पातेल्याखाली वाचलं, म्हणून कंपनी. त्याने ते वापरलं नाही, नुसतं अडवून ठेवलं. आणि पट्टी काढून टाकली, म्हणजे ते नाव दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडू नये. चोर चोरीचा माल लपवतो, बर्नाडीन. याने तुला लपवलं."

"कोणापासून?"

"एक मोठी कंपनी आहे, शेजारच्या राज्यातली. नोटाच विकत घेते. तिचं नाव तुझ्या कॉर्नर पोस्टचं सख्खं भावंड शोभेल असं आहे."

"पण व्हिटलोंनी यादी पाहिली होती की."

"आपल्या राज्याची पाहिली. आणि तेच नाव आहे का एवढंच पाहिलं. ट्रेडमार्कच्या कायद्याला तेच नाव लागत नाही. एकाच धंद्यातली दोन नावं ऐकून गिऱ्हाइकाचा घोटाळा होऊ शकतो एवढं पुरे. उद्या आपल्या राज्याने तुला नाव दिलं असतं, तरी ते वापरलंस की त्या कंपनीने तुला कोर्टात ओढलं असतं. अशा कितीतरी लहान माणसांना त्यांनी ओढलंय."

बर्नाडीनने पेन खाली ठेवलं. तिच्या जबड्याची ठेवण बदलली. मर्लच्या दवाखान्याच्या दिवसांत हेस्टरने ती पाहिली होती.

"मग लढेन मी. ओढू देत कोर्टात. मर्लने तो खांब स्वतःच्या हातांनी रोवलाय. त्यांनी काय रोवलंय?"

हेस्टरला हेच भय होतं. त्या पाच पानांत एका माणसाचं नाव होतं, आणि ते तिला उच्चारायचं नव्हतं. खटला मिटवताना त्या माणसाने सही केली होती, की या प्रकरणाबद्दल तो कुठे कधी अवाक्षर काढणार नाही आणि असल्या नावाच्या वाटेला पुन्हा जाणार नाही. तरी तो गेला होता. राजधानीतल्या संस्थेआड लपून का होईना, ते नाव त्याने आपल्या पैशांनी अडवलं होतं. हे फुटलं असतं तर ती कंपनी दुसऱ्यांदा त्याच्या दाराशी आली असती.

"मी एकाची गोष्ट वाचली आज," ती म्हणाली. "कोण, ते विचारायचं नाही. नवरा-बायकोचा छोटासा धंदा, तुझ्यासारखाच नोटांचा. नाव बायकोने ठेवलं होतं. नोटीस आली तेव्हा पहिल्या महिन्यात नाव बदललं असतं तर तिथेच मिटलं असतं, कंपनी तेवढंच मागत होती. पण बायकोने ठेवलेलं नाव, म्हणून तो लढला. तीन वर्षं. दुसऱ्या वर्षीच्या कागदावर त्यांच्या घराचा पत्ता आहे. तिसऱ्या वर्षीच्या कागदावर भाड्याच्या खोलीचा. आणि शेवटच्या कागदावर लिहिलंय, प्रतिवादी क्रमांक दोन, म्हणजे त्याची बायको, मयत."

बर्नाडीनने पेनाला टोपण लावलं.

"त्याला वाटलं असेल की तो तिच्यासाठी लढतोय," हेस्टर म्हणाली. "नाव तिचं होतं हे खरं. पण ज्या वर्षांत तिच्याजवळ बसायचं, ती कोर्टाच्या बाकावर गेली. हे त्या कागदांत लिहिलेलं नाही, पण तारखा वाचता येतात मला."

खिडकीतून आवार दिसत होतं, आणि आवाराच्या कोपऱ्यात तो खांब. बर्नाडीन त्याच्याकडे बघत रडली. मोठ्याने नाही, पण लपवूनही नाही. हेस्टरने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिलाही भरून आलं.

"खांब कुठे जात नाही," थोड्या वेळाने बर्नाडीनच म्हणाली. तिने ड्वाइटचं पत्र चुरगळलं. "पण मग शुक्रवारपर्यंत दुसरं नाव आणायचं कुठून? व्हिटलो म्हणतात सगळ्या देशाची ट्रेडमार्कची यादी नीट चाळायला दोन आठवडे लागतील. ती कंपनी कुठल्या नावावर उडी घालेल हे कोणाला माहीत?"

"एका माणसाला माहीत आहे."

"त्याला विचार की मग."

"त्याला बोलायची मुभा नाही." हेस्टर निळ्या पातेल्याकडे पाहत होती. "पण भांडी घासायची आहे. बर्नाडीन, उद्या बुधवार. सूप कर."

६

त्या बुधवारी गर्टी बॅश्टरच्या स्वयंपाकघरात असं घडलं की त्याची चर्चा पुढे ईस्टरपर्यंत पुरली. हेस्टर आणि बर्नाडीन यांनी मिळून तीन पातेली सूप आणलं, आणि तिन्ही करपलेली.

"एक करपलं असतं तर मी समजले असते," गर्टी म्हणाली. "पण तीन? तुम्ही काय शेकोटी केली होती का?"

"गप्पांत लक्ष राहिलं नाही," हेस्टर म्हणाली.

"हेस्टर क्रेब्स, अडुसष्ट वर्षांची झालीस तू."

ड्वाइटने वहिनीच्या पातेल्यातलं सूप दोनदा घेतलं आणि तोंड वाकडं केलं नाही. बर्नाडीनने ते पाहिलं. तिने न बोलता त्याच्यापुढे पावाची टोपली सरकवली, आणि एवढा मोठा ड्वाइट घटकाभर चक्क गप्प झाला.

तिन्ही पातेल्यांच्या बुडाला पट्ट्या होत्या. पहिल्या पट्टीवर गेटपोस्ट, कारण खांब काही बर्नाडीनच्या मनातून पुरता सुटत नव्हता. दुसरीवर टाउनलाइन, हे व्हिटलोंनी सुचवलेलं. तिसऱ्या नावावर सगळ्यांत जास्त वाद झाला होता. बर्नाडीनचं म्हणणं, त्याचा आणि नोटांचा संबंध काय? हेस्टरचं म्हणणं, संबंध नाही हीच तर त्याची खुबी. ते तिने निळ्या पातेल्याखाली लावलं होतं.

ऑरिन पाइकने करपलेली तिन्ही पातेली मोरीत घेतली, पहिलं घासण्यासाठी पालथं घातलं, आणि त्याचे हात थांबले. त्याने दुसरं उलटं केलं. मग तिसरं. हेस्टर टेबलं पुसत होती आणि मुद्दामच मान वर करत नव्हती.

"ही मी घरी नेतो," तो गर्टीला म्हणाला. "भिजवावी लागतील."

गुरुवारी दुपारी हेस्टरच्या पायरीवर तिन्ही पातेली ओळीने ठेवलेली होती. बर्नाडीन धावत आली.

पहिलं रिकामं होतं. दुसरंही रिकामं. त्या गावात भांडं रिकामं परत आलेलं दोघींनीही उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. हेस्टरने ती उलटी केली. गेटपोस्ट गेलेलं होतं, टाउनलाइन गेलेलं होतं, दोन्ही बुडं नखाने खरवडून स्वच्छ केलेली.

निळ्या पातेल्यावर झाकण होतं. आत काठोकाठ सफरचंदाचा मुरंबा, वर दालचिनी भुरभुरलेली. बर्नाडीनने पातेलं डोक्यावर धरलं आणि हेस्टरने खालून वाकून पाहिलं. पट्टी जागच्या जागी होती. तिचं एक टोक सुटलेलं असावं, ते कोणीतरी अंगठ्याने नीट दाबून बसवलं होतं.

"ब्लू केटल नोट कंपनी," हेस्टरने वाचलं. निळं पातेलं, दुसरं काय.

शुक्रवारी पावणेचारला व्हिटलोंनी तेच नाव मोठ्याने वाचलं आणि चष्मा पुसला. "विचित्र आहे. पण खरं सांगू, धंद्याशी ज्याचा काही संबंध नाही तेच नाव सगळ्यांत सुरक्षित. मलाच सुचायला हवं होतं. यादी मी तरीही चाळणार आहे." राज्याने नाव सकाळीच मंजूर केलं होतं. हॅवरकँपबाईंनी चार वाजून दहा मिनिटांनी सही केली आणि निघताना त्या पातेल्याची हकिकत ऐकायला मागितली. बर्नाडीनने त्यांना एवढंच सांगितलं, की ते सासूबाईंचं आहे.

नाव कोणी घेतलं होतं, हे तिने हेस्टरला एकदाही विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी तिचं सूप करपलं नाही. जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, ड्वाइटच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याला बाहेर पिटाळलं. ऑरिन मोरीशी उभा होता. त्याने घासलेलं भांडं पुढे केलं, तिने ते पुसून ठेवलं. अशी दहा-बारा भांडी झाली. हेस्टर दारात कपांची थाळी घेऊन आली आणि तिथेच थांबली.

"पहिला," बर्नाडीन म्हणाली.

ऑरिनने वर पाहिलं.

"हॅवरकँपबाईंच्या नोटेचा बोजा. तुम्ही विचारलं होतंत, पहिला की दुसरा. मी सूप बघायला पळाले आणि उत्तर द्यायचं राहूनच गेलं." ती ताट पुसत होती, आणि पुसून झालेलंच ताट पुन्हा पुसत होती. "पुढच्या महिन्यात आणखी एक नोट बघायला जायचंय. असलं काही विचारणारं कोणी सोबत असेल तर मला बरं पडेल. तुमच्याजवळ वेळ असेल तर."

नळ चालूच होता. ऑरिनने तो बंद केला आणि ओले हात मोरीच्या कडेवर ठेवले.

"वेळ आहे," तो म्हणाला.

मग त्याने पुढचं भांडं घेतलं, पालथं करून त्याखालचं नाव वाचलं, आणि घासायला लागला.